कावीळ उतरली, आता शस्त्रक्रिया कशाला?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि हृदयासाठी त्या रोज अॅस्पिरिनची गोळी घेतात. गेली दोन वर्षे जेवणानंतर, विशेषतः तळलेले खाल्ल्यावर, त्यांच्या पोटात वरच्या बाजूला उजवीकडे दुखायचे आणि ती कळ पाठीपर्यंत जायची. आम्ही ते आम्लपित्त समजून गोळ्या देत राहिलो. भाद्रपदात त्यांना थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले. घरच्यांनी दोन दिवस शेजारच्या गावातून काविळीचे औषध आणले. तिसऱ्या दिवशी त्या बरळू लागल्या, तेव्हा मिरजेला रुग्णालयात नेले. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच बारीक खडे आणि पित्तनलिका फुगलेली दिसली. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेतील दोन खडे काढले आणि आत प्लास्टिकची नळी ठेवली. पंधरा दिवसांत पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी या, असे सांगून घरी सोडले. त्याला आता सात आठवडे झाले. सासूबाईंना काही त्रास नाही. मामंजी म्हणतात, ऊस जाऊ दे आणि वैशाखातले लग्न होऊ दे, मग बघू. नणंदबाई सफरचंदाचा रस आणि ऑलिव्ह तेलाने खडे पडतात असे व्हिडिओ पाठवतात. आमच्या नात्यातल्या एकांची हीच शस्त्रक्रिया झाल्यावर पोटातून पिवळे पाणी येत राहिले, पिशवी लावावी लागली आणि पुढे पुन्हा पोट उघडावे लागले, त्यामुळे सगळेच घाबरले आहेत. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे का? नुसते खडे काढता येणार नाहीत का? पित्ताशय काढल्यावर माणूस नीट खाऊ-पिऊ शकतो का?
— सांगली जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे वाचताना मन अडकून राहणार नाही. सासूबाईंचे पित्ताशय काढणे आवश्यक आहे आणि ते वैशाखापर्यंत लांबवणे योग्य नाही. त्यांच्या पोटात जी प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, ठेवला आहे, त्याचा आपल्या पत्रात पुढे कोठेच विचार झालेला नाही, आणि मला अधिक काळजी त्याचीच वाटते. तो ठरावीक मुदतीसाठी ठेवलेला असतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. परंतु हे उत्तर वाचून एकच गोष्ट करायची असेल, तर डिस्चार्ज कार्ड काढून स्टेंट कोणत्या तारखेला घातला आणि कधी काढायला सांगितला आहे, ते आजच पाहावे.

भाद्रपदात नेमके काय घडले, हे घरातील सर्वांना समजले तर निर्णय सोपा होईल. यकृत दिवसभरात साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. तो पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरतो आणि अन्नातील स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो. पित्ताशय ही यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली लहानशी पिशवी असून तिच्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावते. दोन जेवणांच्या मधल्या काळात पित्त साठवणे, आटवणे आणि जेवणानंतर आकुंचन पावून ते आतड्याकडे ढकलणे, एवढे तिचे काम. त्या पिशवीत खडे झाले की आकुंचनाच्या वेळी एखादा खडा तोंडाशी अडकतो आणि तळलेल्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते. सासूबाईंचे दोन वर्षांचे दुखणे हेच असावे. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी ते थांबले असे वाटत होते, ते बहुधा खडा आपोआप मागे सरकल्यामुळे. जेवणानंतर उजवीकडे येणारी, अर्धा तास ते काही तास टिकणारी आणि पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी कळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. ही तपासणी तालुक्याच्या गावी सहज होते.

बारीक खड्यांचा धोका मोठ्या खड्यांपेक्षा वेगळा असतो. मोठा खडा पिशवीतच पडून राहतो. बारीक खडा तिच्या अरुंद नळीतून निसटून मुख्य पित्तनलिकेत उतरू शकतो. तेथे तो अडकला की पित्ताची वाट बंद होते, ते रक्तात उतरते आणि डोळे पिवळे होतात. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की थंडी वाजून ताप येतो. उजवीकडची कळ, कावीळ आणि थंडीताप ही तिन्ही लक्षणे एकत्र आली आणि रुग्ण बरळू लागला, तर जंतुसंसर्ग रक्तात पसरला असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी काही तासही मोलाचे असतात. मधुमेही रुग्णात हा संसर्ग अधिक वेगाने बळावतो. सासूबाई त्यातून बाहेर आल्या, हे वेळेवर वाट मोकळी झाल्यामुळे.

येथे गावातील औषधाविषयी थोडे बोलणे भाग आहे, कारण हा प्रकार आपल्याकडे घरोघरी चालतो. नाकात थेंब सोडणे, गळ्यात माळ घालणे, हात धुऊन पिवळे पाणी काढून दाखवणे, या सगळ्यांवर लोकांचा विश्वास बसतो, त्याला कारण आहे. दूषित पाण्यातून होणारी विषाणूची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. नलिका अडल्यामुळे झालेली कावीळ तशी बरी होण्याची वाट पाहता येत नाही. तिच्यात लघवी गर्द पिवळी होते, शौचाचा रंग मातकट पांढरा होतो, अंगाला खाज सुटते आणि बरेचदा पोटात कळ असते. दोन्हींतला फरक रक्त तपासून आणि सोनोग्राफी करूनच कळतो. त्या दोन दिवसांबद्दल घरात कोणाला दोष देत बसू नये. मात्र पुन्हा डोळे पिवळे दिसले, तर गाडी सरळ रुग्णालयाकडे वळवावी.

आता ईआरसीपीने काय साधले आणि काय राहिले, ते पाहू. या प्रक्रियेत तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत नेतात, पित्तनलिकेचे तेथे उघडणारे तोंड थोडे कापून रुंद करतात आणि फुगा किंवा जाळी घालून खडे बाहेर ओढतात. तोंड कापण्याचे हे तंत्र १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये जवळजवळ एकाच वेळी प्रथम वापरले गेले. त्याआधी नलिकेतील खड्यासाठी पोट उघडून नलिकाच कापावी लागे, आणि तापाने फणफणलेल्या वयस्क रुग्णात ती शस्त्रक्रिया फार जोखमीची असे. परंतु ईआरसीपीमध्ये पित्ताशयाला हात लागत नाही. ज्या पिशवीतून ते दोन खडे खाली आले, ती पिशवी आणि तिच्यातील उरलेले बारीक खडे आहेत तेथेच आहेत. मामंजींना ‘खडे काढले’ एवढेच ऐकू आले असावे. वाक्याचा उरलेला भाग, म्हणजे ‘नलिकेतले’, घाईत राहून जातो.

नलिका मोकळी केल्यावर पित्ताशय तसेच ठेवून वाट पाहिली तर काय होते, याचा नेदरलँड्समध्ये पद्धतशीर अभ्यास झाला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे पित्ताशय तसेच ठेवले, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या लोकांना दोन वर्षांच्या आत पुन्हा पित्ताचा त्रास झाला. ज्यांचे लगेच काढले, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात दोन इतकेच होते. शिवाय वाट पाहणाऱ्यांवर पुढे शस्त्रक्रियेची वेळ आली, तेव्हा ती पोटावरील छोट्या छिद्रांतून घातलेल्या दुर्बिणीने पूर्ण न होता पोट उघडावे लागण्याचे प्रमाणही जास्त होते. याचे कारण शरीररचनेत आहे. प्रत्येक झटक्यानंतर तेथे सूज येते, सूज उतरताना भाग एकमेकांना चिकटतात आणि सर्जनला ज्या दोन-तीन नाजूक रचना वेगळ्या ओळखायच्या असतात, त्या एका गुठळीत गुरफटून जातात. पुन्हा खडा उतरला तर या वेळी तो स्वादुपिंडाच्या नळीचे तोंड अडवू शकतो, आणि स्वादुपिंडाचा दाह हा काविळीपेक्षा कठीण आजार आहे. लग्नघर सोडून अतिदक्षता विभागाच्या दारात बसण्याची पाळी यायला नको असेल, तर शस्त्रक्रिया लग्नाच्या बरीच आधी उरकणे हाच व्यवहार आहे. आता केली, तर वैशाखात सासूबाई पंगतीत वाढायलाही उभ्या राहतील.

स्टेंटकडे येतो. नलिकेत सूज असेल, पू असेल किंवा एखादा खडा राहिल्याची शंका असेल, तर पित्त वाहते राहावे म्हणून ही प्लास्टिकची नळी ठेवतात. ती शरीरात विरघळत नाही आणि बहुतेक वेळा आपोआप पडतही नाही. नळाच्या पाइपात जसे क्षार बसत जातात, तसा तिच्या आत पित्ताचा गाळ आणि जंतूंचा थर साचत जातो आणि साधारण तीन महिन्यांच्या सुमारास ती तुंबण्याची शक्यता वाढते. तुंबली की भाद्रपदातलेच चित्र पुन्हा दिसते: ताप, थंडी, कावीळ. वर्षानुवर्षे विसरून गेलेल्या स्टेंटभोवती नवे खडे तयार झालेले सर्जन पाहतात, आणि ते काढणे पहिल्या ईआरसीपीपेक्षा पुष्कळ अवघड असते.

अशा नळ्या विसरल्या जातात, त्याला बहुधा कोणाचा निष्काळजीपणा नसतो, तर काम दोन ठिकाणी विभागलेले असते. ईआरसीपी करणारे पोटविकारतज्ज्ञ वेगळे, पित्ताशय काढणारे सर्जन वेगळे. कधी कधी रुग्णालयेही वेगळी असतात. पहिल्याला वाटते की सर्जन सांगतील, सर्जनला वाटते की ज्यांनी घातली ते काढतील, आणि रुग्णाला बरे वाटत असल्यामुळे तो दोघांनाही विचारत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेताना सर्जनना स्पष्ट विचारावे की स्टेंट शस्त्रक्रियेच्या आधी निघणार की नंतर, कोण काढणार आणि कोणत्या आठवड्यात. उत्तर फाईलवर लिहून घ्यावे. काढण्याची प्रक्रिया छोटी असते. पुन्हा तोंडावाटे दुर्बीण घालून नळी ओढून घेतात, आणि नलिकेत खडा उरला आहे का, तेही आवश्यक असल्यास त्याच वेळी पाहतात. सात आठवडे होऊन गेल्यामुळे आपल्या हाती फार मोकळा वेळ उरलेला नाही.

नुसते खडे काढून पित्ताशय ठेवता येणार नाही का, हा प्रश्न साहजिक आहे आणि तो नवा नाही. एकोणिसाव्या शतकात सर्जन पित्ताशय उघडून खडे काढत आणि ते पुन्हा शिवत; खडे परत होत. बर्लिनचे सर्जन कार्ल लँगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा संपूर्ण पित्ताशय काढले. खडे तयार करणारी पिशवीच आजारी आहे, तेव्हा ती ठेवून उपयोग नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो आजवर टिकला आहे. मूतखडा जसा बाहेरून फोडतात, तसा हाही फोडावा, असे पुष्कळ लोक सुचवतात. मूत्रमार्गातला चुरा लघवीवाटे निघून जातो. पित्ताशयातला चुरा मात्र जाणार कोठे, तर त्याच पित्तनलिकेत, जेथे सासूबाईंचा खडा अडकला होता.

औषधाने खडे विरघळवण्याचा मार्ग आहे, पण तो अरुंद आहे. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉलचे लहान खडे, तेही पित्ताशय नीट आकुंचन पावत असेल तर, महिनोन्महिने गोळ्या घेतल्यावर कमी होऊ शकतात. गोळ्या बंद केल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांत ते पुन्हा होतात. ज्यांच्या नलिकेत एकदा खडा उतरून जंतुसंसर्ग झाला आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय नाही. ऑलिव्ह तेल आणि फळांच्या रसाचा उपाय तर निव्वळ भास आहे. ते पिऊन शौचावाटे पडणारे हिरवट मऊ गोळे खडे नसतात. न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी असे गोळे तपासले, तेव्हा ते तेल आणि रस यांच्यापासून पोटातच बनलेले साबणासारखे पदार्थ निघाले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००५ मध्ये ही नोंद छापून आली. नणंदबाईंना दुखवायचे नसेल तर इतकेच सांगावे, की पेलाभर तेल एका दमात पोटात गेल्यावर पित्ताशय जोराने आकुंचन पावते, आणि बारीक खडे असलेल्या माणसात तेच टाळायचे असते.

येथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो, म्हणजे हे उत्तर वाचून कोणी विनाकारण शस्त्रक्रियेला धावणार नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि आजवर कधीही त्रास झालेला नसेल, तर बहुतेकांना काहीच करावे लागत नाही. अशा लोकांपैकी वर्षाला साधारण शंभरात एक ते दोन जणांनाच त्रास सुरू होतो. अपवाद आहेत: तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत साचलेला चुना, एक सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ, अशांना कर्करोगाच्या शक्यतेमुळे सर्जनचे मत लगेच घ्यावे लागते. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग विशेष आढळतो. आपल्याकडे तो तितका नाही. सासूबाई मात्र ‘त्रास नसलेल्या’ गटात मोडत नाहीत. आज दुखत नाही म्हणून त्यांची गणना त्या गटात करता येत नाही. एकदा गुंतागुंत झाली की गट बदलतो.

आता त्या भीतीविषयी, जी पत्रातील सर्वांत खरी गोष्ट आहे. नातेवाइकांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत काय झाले ते सांगू शकत नाही; पण पोटातून पिवळे पाणी येण्याची दोन प्रमुख कारणे असतात आणि त्यांत पुष्कळ अंतर आहे. पित्ताशयाला मुख्य नलिकेशी जोडणारी छोटी नळी सर्जन क्लिप लावून बंद करतात. ती क्लिप सुटली किंवा यकृताच्या पृष्ठभागावरील एखादी सूक्ष्म वाट उघडी राहिली, तर पित्त झिरपते. बहुतेक वेळा ईआरसीपीने तात्पुरता स्टेंट घातला की ही गळती काही आठवड्यांत बंद होते. दुसरे कारण म्हणजे मुख्य पित्तनलिकेलाच इजा होणे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे हजारात साधारण तीन ते पाच जणांत घडते. प्रमाण कमी आहे, पण ज्याच्या वाट्याला ते येते त्याचे आयुष्य बदलते, त्यामुळे आकडा सांगून ही भीती झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही.

ही इजा बहुतेक वेळा हात घसरल्यामुळे होत नाही, तर चुकीच्या ओळखीमुळे होते. सूज आणि चिकटपणामुळे मुख्य नलिका पित्ताशयाजवळ ओढली जाते, तीच छोटी नळी आहे असे सर्जनच्या डोळ्यांना दिसते आणि ती कापली जाते. पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये केली, भारतात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तिची सुरुवात केली. नव्या तंत्राच्या त्या पहिल्या काळात जगभर अशा इजा वाढल्या आणि त्यातूनच १९९५ मध्ये अमेरिकेतील सर्जन स्ट्रासबर्ग यांनी एक शिस्त मांडली: पित्ताशयाच्या मुळाशी असलेली चरबी आणि पडदे पूर्ण साफ करावेत, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून थोडा मोकळा करावा, आणि पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी शिरताना दिसल्या, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, तरच कात्री चालवावी. हे दृश्य मिळत नसेल तर पुढे जायचे नाही. मग पित्ताशयाचा मुळाकडचा भाग जागीच ठेवून उरलेले काढता येते, पोट उघडता येते, किंवा अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलावता येते.

म्हणून सर्जनना भेटाल तेव्हा ‘किती शस्त्रक्रिया केल्या’ एवढेच विचारून थांबू नये. ‘रचना स्पष्ट दिसली नाही तर आपण काय कराल?’ हा प्रश्न विचारावा. जे सर्जन शांतपणे सांगतील की मी थांबेन, अर्धवट काढेन किंवा पोट उघडेन, त्यांच्या हाती सासूबाईंना सोपवायला मला संकोच वाटणार नाही. जे म्हणतील की माझ्याकडे असे कधी होतच नाही, त्यांच्याकडून उठून दुसरे मत घ्यावे. संमतिपत्रावर ‘गरज पडल्यास पोट उघडण्याची’ परवानगी मागतात, तेव्हा घरचे लोक बिचकतात. दुर्बिणीतून सुरू करून पोट उघडावे लागणे हे अपयश नाही. बरेचदा तो सर्जनने रुग्णाच्या भल्यासाठी घेतलेला अवघड निर्णय असतो, आणि त्याची किंमत म्हणजे मोठी जखम आणि रुग्णालयातले आणखी काही दिवस. त्याशिवाय ईआरसीपी आणि यकृत-पित्तनलिकेचे सर्जन जवळ उपलब्ध आहेत का, हेही विचारावे. दुर्दैवाने नलिकेला इजा झालीच, तर आतड्याचा तुकडा वर आणून तो नलिकेला जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती पहिल्याच वेळी या कामातील जाणकार हातांनी झाली तर निकाल चांगला लागतो. आपण मिरज परिसरात आहात, हे या दृष्टीने सोयीचे आहे.

तयारीतल्या काही गोष्टी घरी सांभाळायच्या असतात. रक्तातील साखर आटोक्यात हवी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी आणि यकृताच्या तपासण्या नव्याने कराव्यात, सोनोग्राफीही पुन्हा करावी, आणि शंका असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेची एमआरआय तपासणी. मधुमेहाच्या गोळ्यांची नावे भूलतज्ज्ञांना दाखवावीत, कारण डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी गोळी असेल, तर ती शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी बंद करावी लागते. अन्यथा साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात घातक आम्ल साचू शकते. अॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नये. हृदयविकाराच्या बऱ्याच रुग्णांत ती चालू ठेवूनच ही शस्त्रक्रिया करतात. तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध असेल, तर ते थांबवायचे का आणि किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचे असते. खर्चाची अडचण असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन, ही शस्त्रक्रिया आणि स्टेंट काढणे त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे भरती होण्यापूर्वीच विचारावे.

पित्ताशयाशिवाय माणूस नीट जगतो का, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. पित्त यकृतात तयार होते, आणि यकृत आहे तेथेच राहते. फक्त ते साठून एकदम सुटण्याऐवजी थेंबाथेंबाने आतड्यात उतरत राहते. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दोन-तीन दिवस दुखतो, त्याने घाबरू नये. पहिले काही आठवडे थोडे थोडे, कमी तेलाचे खावे. त्यानंतर भाकरी, आमटी, भाजी, दूध, नेहमीचे सगळे चालते. काही जणांना जेवणानंतर पातळ शौचाचा त्रास होतो. तो बहुधा कमी होत जातो आणि राहिलाच तर त्यावर औषध आहे. जड हंडा, पोते उचलणे महिनाभर टाळावे. आयुष्यभराचे पथ्य पित्ताशयासाठी लागत नाही, मधुमेहाचे आहेच.

तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांत आणि शस्त्रक्रियेनंतरही घरातील प्रत्येकाला एवढे ठाऊक असावे: थंडी वाजून ताप, डोळ्यांत पिवळेपणा, गर्द लघवी, पोटातील न थांबणारी किंवा वाढत जाणारी कळ, पोट फुगणे, सारख्या उलट्या, किंवा सासूबाईंचे बोलणे असंबद्ध होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो की दिवाळी, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. मधुमेहात दुखणे सौम्य भासू शकते, त्यामुळे ‘फारसे दुखत नाही’ यावर विसंबू नये.

मामंजींचा विरोध घरातील वादाने सुटेल असे मला वाटत नाही, आणि सुनेच्या तोंडून ऐकणे त्यांना जडही जात असेल. त्यांनाच सर्जनकडे घेऊन जावे. सोनोग्राफीच्या चित्रात पिशवीतले खडे आणि नलिकेतला स्टेंट डॉक्टरांनी बोटाने दाखवला, की ‘बरे वाटतेय ना’ हा मुद्दा मागे पडतो. उसाची तोड सुरू झाल्यावर घरातील माणसे शेतात अडकणार, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. तेव्हा कारखान्याचा कार्यक्रम पाहून तोडीच्या आधीचा आठवडा मागून घ्यावा. सर्जन अशा अडचणी समजून घेतात. सासूबाईंनाही विचारायला विसरू नये; अखेर संमती त्यांची लागते, आणि त्यांना बहुधा सर्वांत कमी सांगितले गेले असावे.

शस्त्रक्रियेनंतर काढलेले पित्ताशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी प्रयोगशाळेत पाठवले जावे, असा आग्रह धरावा. क्वचित प्रसंगी बाहेरून साध्या दिसणाऱ्या पिशवीत कर्करोगाची सुरुवात सापडते आणि तेव्हा उपचार वेळेवर करता येतात. हा अहवाल यायला काही दिवस लागतात आणि तोवर रुग्ण घरी गेलेला असतो, म्हणून टाके दाखवायला जाल तेव्हा तो मागून घ्यावा आणि त्याच भेटीत स्टेंट काढण्याची तारीख पक्की करावी.